पगारपत्रक खुशाल बाहेर द्या, पण...

एचआरचं (मनुष्यबळ विभागाचं) सगळंच काम आउटसोर्स करावं, म्हणजे बाहेरच्या कंपनीला द्यावं, नाहीतरी ते दिवाळीला रांगोळी स्पर्धा घेण्यापलीकडे काय करतात, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पगारपत्रक, टीडीएस, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत पीएफ भरणं ही कामं खुशाल बाहेर द्या. पण जबाबदारी काही बाहेर जात नाही. ठेकेदारानं पगार थकवला तर तो मूळ मालकानं चुकता करायचा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होती.

खरी गोची तक्रारींची. आमच्याकडे हेल्पडेस्क बाहेर गेला. एका सहकाऱ्याचं नाव आधारवर एक आणि पीएफच्या खात्यात दुसरं, म्हणून क्लेम अडकला. त्यानं मेल केला की नवा तिकीट नंबर (तक्रारीचा क्रमांक) यायचा आणि दोन दिवसांनी 'रिझॉल्व्ह्ड'! (कुणी केलं, देव जाणे.) शेवटी अकाउंट्समधल्या जुन्या बाईंनी त्याला शेजारी बसवून जॉइंट डिक्लरेशन (पीएफमधली माहिती दुरुस्त करायचा, कर्मचारी आणि कंपनी दोघांचा मिळून अर्ज) भरून घेतलं, तेव्हा गाडी हलली.

आणि एचआरचं काम जोखायचंच, तर जागा किती दिवसांत भरली याच्याबरोबर तक्रार किती दिवसांत मिटली हेही मोजा. आमच्या तिमाही स्लाइडवर फक्त पहिलाच आकडा असतो.