आधी त्यांचं काम बघा, मग फीचर

ग्राहकासाठी सॉफ्टवेअर बनवायचंय, तर पहिल्या स्कोपिंग मीटिंगला (कामात काय काय येणार हे ठरवायच्या बैठकीला) 40 प्रश्नांची यादी घेऊन जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. यादी करा, पण स्वतःपुरती. समोर उघडलीत की चौकशी आयोग बसल्यासारखं होतं आणि माणसं हो-नाहीवर येतात. त्यापेक्षा म्हणा, 'मागच्या आठवड्यातली एक खरी ऑर्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी गेली ते दाखवा.' कुठे एक्सेल उघडतं, कुठे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो, कुणाच्या सहीसाठी काम अडतं, सगळं बाहेर येतं. मग अपवादांकडे वळा: ऑर्डर अर्ध्यात रद्द झाली तर? माल अर्धाच आला तर? एस्टिमेट बहुतेक वेळा इथेच फुगतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा जुना डेटा कोण साफ करणार, हेही विचाराच. मी एकदा विसरलो आणि तीन आठवडे डुप्लिकेट नावं निस्तरत बसलो, तेही फुकटात.

'अंदाजे किती होईल?' याला तिथल्या तिथे आकडा देऊ नका. आकडा लक्षात राहतो, 'अंदाजे' विसरलं जातं. दुसऱ्या दिवशी पानभर मेल पाठवा: काय ठरलं, काय गृहीत धरलं, आणि काय या कामात येत नाही. हा शेवटचा भाग जरा सविस्तरच लिहा.