चिखलदऱ्याचे जुने बंगले : कवेलू (कौलं) ठेवायचे की स्लॅब टाकायचा?

सातपुडी (धागाकर्ता)
1823 साली हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन इथं पोचला, पुढे साहेबांचे बंगले झाले. दगडी भिंती, सागाच्या कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), वर कवेलू. आता एकेक छप्पर उतरवून स्लॅब पडतोय. नगर परिषदेनं या बंगल्यांची यादी करावी आणि छपराचं रूप बदलायला मनाई करावी, असं माझं मत.

लॉजवाला
मनाई करायला काय लागते? वानरांची टोळी छपरावरून गेली की कवेलू फुटलेच, तेही ऐन पावसाळी सीझनमध्ये. शाकारणारा माणूस मिळत नाही. स्लॅबला हा ताप नाही. यादी करायची तर आधी मालमत्ता कर माफ करा.

ओळंबा
भाऊ, वजन पाहा. 5 इंची स्लॅब चौरस मीटरला 300 किलोच्या वर, कवेलू 40च्या आसपास. खाली कॉलम नाहीत, चुन्यात रचलेली जुनी भिंत आहे. तडे कोपऱ्यापासून सुरू होतात. वरून सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

वानरांवर उपाय आहे. कवेलूखाली पत्रा टाका, कवेलू फुटला तरी गळणार नाही. पण पत्र्यावर थेट आडव्या रिपा (कवेलू टेकतात त्या लाकडी पट्ट्या) ठोकू नका, पाणी रिपेशी अडून लाकूड कुजतं. आधी उताराच्या दिशेनं उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा. वळचणीच्या दोन-तीन ओळी तारेनं रिपेला बांधा. कैचीचं भिंतीत गेलेलं टोक आधी टोचा, कुज तिथूनच लागते. कुजकं कापून नवा साग बोल्टनं सांधायचा, टोकाभोवती इंचभर हवा सोडायची. भिंतीच्या दरजांसाठी निवलेला चुना 1, रेती 2, सुरखी (भाजक्या विटेची पूड) 1. सुरखी वगळली तर इथल्या धुक्यात चुना धरत नाही. काम दिवाळीनंतरच, वर ओलं पोतं आठ-दहा दिवस.

दिल्ली दरवाजा
साहेबाच्या बंगल्यांचं एवढं कौतुक कशाला? 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज सेनापती वेलस्लीनं घेतलेला गाविलगड किल्ला शेजारीच ढासळतोय. पैसा आधी तिकडे. तटातल्या पिंपळांचं काय?

ओळंबा
पिंपळ ओढून काढला तर मुळासोबत दगडही येतो. बुंधा कापायचा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ वाळू द्यायचं, मग पोकळीत पातळ चुना भरायचा. पण ते श्रमदानवाल्यांचं काम नाही. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, भोवती वन विभाग, दोघांची परवानगी लागते. बंगल्याला मालकाची इच्छा पुरते.

सातपुडी
आणि ती इच्छा पुरत नाही, म्हणून तर यादी हवी.

लॉजवाला
पत्रा-कवेलूचा हिशेब पटला. यादीला विरोध कायम. एकदा नाव चढलं की संडासाची खिडकी बदलायलाही अर्ज करावा लागेल, अन् सही करणारा साहेब अमरावतीला.

ओळंबा
मग यादीत फक्त छप्पर, दर्शनी भिंत आणि व्हरांडा घ्या. आतलं मालकावर सोडा.