मदत हवी आहे: भाऊ वॉर्डातून घरी आलाय, पुढची ओपीडी चार आठवड्यांनी. मधल्या दिवसांचं काय करायचं?

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

धाकटा भाऊ, वय 31, स्किझोफ्रेनिया. पहिला एपिसोड 24 व्या वर्षी, मग गोळ्यांवर छान चाललं होतं, नोकरीही केली. मागच्या वर्षी त्यानं हळूहळू गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला पत्ता नाही, कारण स्ट्रिप वेळच्या वेळी रिकामी दिसायची म्हणून आम्ही निर्धास्त. मग व्हायचं ते झालं. चार रात्री झोप नाही, भिंतीतून लोक बोलतायत, घरच्यांनीच त्याला विकलंय, आणि एका पहाटे जो निघून गेला तो दोन दिवसांनी सापडला, पायात चप्पल नाही. भरती करावं लागलं. ते कसं केलं ते लिहीत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहितीय.

26 दिवस आत होता. डिस्चार्जच्या दिवशी खरंच बरा दिसला. "ताई तू किती वाळलीस" म्हणाला, मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. हातात कार्ड, महिन्याच्या गोळ्या (रात्री ओलान्झापिन 15) आणि चार आठवड्यांनी दाखवा. बस. आदल्या संध्याकाळपर्यंत तीन पाळ्यांत माणसं त्याच्यावर लक्ष ठेवून होती आणि घरी आल्यावर ते सगळं काम माझ्यावर आणि आईवर, आणि नक्की बघायचं काय हे कुणी सांगितलंच नाही.

आज 11 वा दिवस. पहिला आठवडा 12-13 तास झोपायचा, उठला की परत आडवा, आंघोळीला चार वेळा म्हणावं लागायचं. आई म्हणते असा लोळत राहिला तर कधी उभा राहणार, आणि ते त्याच्यासमोरच म्हणते. गोळी घेतल्यावर मी त्याला तोंड उघडून दाखवायला लावते. अपमान होतो त्याचा, दिसतं मला, पण गेल्या वेळी फसलोय ना. ऑफिसातून तासातासाला फोन करते, रात्री त्याच्या दाराबाहेर गादी टाकून झोपते. आणि आता गेले तीन दिवस तो रात्री तीनला उठून गॅलरीत सिगरेटी ओढत फेऱ्या मारतोय. विचारलं तर "झोप झाली, म्हणून उठलो".

मला विचारायचंय की हे परत सुरू होतंय की मीच घाबरट झालेय? रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल वॉर्डात एकदा ओझरतं बोलले होते, ते घ्यावं का? आणि पहारा न देता लक्ष कसं ठेवतात, कुणाला जमलंय का?

प्रतिसाद 1
ताई, पहिलं म्हणजे चार आठवडे थांबू नका. कार्डावरची तारीख म्हणजे कोर्टाची तारीख नव्हे. उद्या सकाळी ओपीडीला फोन करा आणि "काळजी वाटते" असं म्हणू नका, आकडे सांगा: डिस्चार्जनंतर 11 दिवस, तीन रात्री सलग तीनला जाग. इंग्लंडमध्ये वॉर्डातून सुटलेल्या माणसाची 72 तासांत कुणीतरी विचारपूस केली का हे बघतात, अमेरिकेत 7 दिवसांत फॉलोअप झाला का ते मोजतात. उगाच नाही, घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सगळ्यात नाजूक असतात, परत आजार उसळायलाही आणि जीव नकोसा व्हायलाही. त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर मग उद्याची सकाळही नको, तसंच उठून इमर्जन्सीला न्या.

प्रतिसाद 2
एवढा ताण घेण्यापेक्षा जेवणात मिसळून द्या की गोळी. आमच्या ओळखीत देतात, भांडण नाही काही नाही.

प्रतिसाद 3
वरच्यांनो, नका हो असले सल्ले देऊ. मला स्वतःला हा आजार आहे, नऊ वर्षं झाली. माझ्या घरच्यांनी हेच केलं होतं. मला आधीच वाटत होतं की जेवणात काहीतरी घालतायत, आणि एक दिवस खरंच सापडलं! आता सांगा, भास कुठला आणि खरं कुठलं हे मी कसं ठरवायचं? त्यानंतर वर्षभर मी घरात फक्त सीलबंद पाकिटातलं खाल्लं.

ताई, तुमच्या भावाच्या बाजूनं बोलतो. ते लोळणं म्हणजे आळस नाही. एपिसोड झाल्यावर माणूस आतून रिकामा होतो, काही करावंसंच वाटत नाही, हा आजाराचाच भाग आहे, त्यात गोळीची गुंगी, आणि त्यात आपण काय काय केलं ते आठवायला लागतं. माझ्या बाबतीत सगळ्यात वाईट ते आठवणंच होतं. आईंना सांगा, "उठ" म्हणण्यापेक्षा एक छोटं काम द्या, रोज तेच, आणि झालं की त्यावर भाषण नको.

दाराबाहेरची गादी मात्र काढा. मला आवाज ऐकू येत असताना दाराबाहेर कुणाच्या तरी श्वासाचा पण आवाज यायचा, तो बहिणीचाच असायचा, पण मला काय माहीत!

प्रतिसाद 4
मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात सोशल वर्कर आहे. इथून डोस कुणी ठरवू नये, पण एक प्रश्न विचारते: वॉर्डात सिगरेट चालत होती का? बहुतेक नसणार. तो घरी आल्यावर परत ओढायला लागला का आणि किती?

का विचारते, तर सिगरेटच्या धुरामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ते ओलान्झापिन भराभर मोडून काढतं, याच आजारावरचं दुसरं औषध, क्लोझापिन, त्याचंही तसंच. म्हणजे वॉर्डात बिनधुराच्या शरीराला जो डोस बरोबर बसला होता तोच घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत कमी पडू शकतो. गोळी अगदी तोंड उघडून दाखवून घेतली तरी! हे निकोटीनमुळे नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे निकोटीनच्या च्युइंगमला हा प्रश्न नाही. उलटही तेवढंच खरं, एकदम सिगरेट सोडली तर औषध अंगात वाढतं. त्यामुळे सोडायला लावू नका, वाढवायलाही नको आणि डोसही स्वतः बदलू नका, फक्त डॉक्टरांना आकडा सांगा. हा प्रश्न डिस्चार्जच्या वेळी विचारायला हवा होता, पण गडबडीत राहून जातो, आमच्याकडेही राहतो, कबूल करते.

इंजेक्शनचं म्हणाल तर ती शिक्षा नाही, असं त्याला वाटता कामा नये एवढं बघा. रोजची गोळी हा घरातला रोजचा तंटा असेल तर तो महिन्यातून एका दिवसावर येतो, आणि डोस चुकला तर त्याच दिवशी कळतं, रिकाम्या स्ट्रिपवर विसंबावं लागत नाही. प्रकार वेगवेगळे आहेत. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट साधारण चार आठवड्यांनी. रिस्पेरिडोनचं जुनं इंजेक्शन दोन आठवड्यांनी, पण ते चढायला वेळ लागतो म्हणून पहिले तीन आठवडे गोळी चालूच ठेवतात, आणि लोक नेमकी तिथेच बंद करून मोकळे होतात. पॅलिपेरिडोनची पहिली दोन इंजेक्शनं एका आठवड्याच्या अंतरानं, मग महिन्याला एक, आणि नीट बसलं तर पुढे तीन महिन्यांचंही मिळतं. हे द्यायच्या आधी गोळी देऊन सोसतंय का ते बघतात. कुठलंही घेतलं तरी वजन, कंबर, साखर आणि कोलेस्टेरॉल आत्ताच मोजून ठेवा, ओलान्झापिनवर तर नक्कीच.

आता पहाऱ्याचं. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून सुटलेल्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं, तर आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेलेले लोक भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा परत आजारी पडत होते! म्हणजे घर वाईट असं नाही. पुढच्या अभ्यासांत दिसलं की सतत टीका, राग आणि अतिकाळजी, या तीन गोष्टी जिथे जास्त तिथे धोका जास्त, आणि असं वातावरण असेल तर आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणं जड जातं. तुमचे तासातासाचे फोन या तिसऱ्यात बसतात, माफ करा. आईंचं लोळण्याबद्दलचं बोलणं पहिल्यात. पण यात कुटुंबाला दोषी धरू नका हो, दमलेलं घर असंच वागतं. घरच्यांना आजाराची नीट माहिती आणि बोलायची पद्धत शिकवली की परत भरती व्हायचं प्रमाण कमी होतं, हे पुष्कळदा दिसलंय. असे गट चालतात का ते विचारा आणि आईंना घेऊन जा.

खरं तर हे काम एका बहिणीचं नाहीच. अमेरिकेत मॅडिसनला 1970 च्या दशकात लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांच्या लक्षात आलं की माणसं वॉर्डात बरी होतात, घरी गेली की परत येतात, तर त्यांनी वॉर्डातला स्टाफच बाहेर काढला. डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर अशी टीम, एका माणसामागे साधारण दहाच पेशंट, घरी जायचं, गोळ्यांपासून बँकेच्या कामापर्यंत सगळं तिथेच. अशी टीम तुमच्याकडे नसेल तर निदान वाटणी करा, गोळीचं एकानं बघायचं, फिरायला न्यायचं दुसऱ्यानं, आणि रात्री कुणीच जागायचं नाही असं नाही, पण तुम्ही रोज नाही.

प्रतिसाद 3
आणि ताई, त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. बिघडायला लागलं की आधी काय काय होतं, तेव्हा कुणाला फोन करायचा, कुठल्या हॉस्पिटलात चालेल, कुठलं औषध सोसलं नाही. तो ठीक असताना आणि त्याच्याच अक्षरात. मग पुढच्या वेळी तुम्ही नाही, तोच स्वतःला सांगत असतो.

धागाकर्ती
सगळ्यांना उत्तर देत नाही, माफ करा, तीन दिवस धावपळ झाली.

सिगरेट!! वॉर्डात शून्य होती, घरी आल्यापासून दिवसाला पंधरा. आणि घरात असला की शांत राहतो म्हणून पाकिटं मीच आणून देत होते. ओपीडीला फोन केला, आकडे सांगितले, दुसऱ्याच दिवशी बोलावलं. डॉक्टरांनी डोस बदललाय, झोपेची वेळ लिहून ठेवायला सांगितलीय, इंजेक्शनबद्दल सोमवारी त्याच्याशीच बोलणार आहेत. मरण्याबद्दलही विचारलं, माझे हात कापत होते. म्हणाला वॉर्डात असताना वाटायचं, आता नाही. डॉक्टरांनाही सांगितलंय.

कागद लिहिला त्यानं. झोप कमी, आवाज, हे मला माहीत होतं. पण तिसरी ओळ होती "मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो", आणि मला आठवलं, गेल्या वर्षी पाच महिने ती पट्टी होती आणि मी समजत होते की काच फुटलीय. खाली त्याच्या दोन अटी आहेत: तोंड उघडून दाखवणार नाही, त्याऐवजी आईसमोर गोळी घेईन, आणि फोन दिवसातून एकदाच, दुपारी.

गादी आज माझ्या खोलीत नेली. झोप लागेलच असं नाही. कुणी पॅलिपेरिडोनवर असाल किंवा घरात कुणी असेल तर वजनाचं काय झालं आणि पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर दुखलं का ते सांगा प्लीज, सोमवारच्या आत. त्यालाच हे प्रश्न आहेत, मी नुसती टाइप करतेय.