भाचीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. संक्रांतीला ती वीस पूर्ण करते. लग्न रद्द होऊ शकतं का?

भोसरीची_मावशी
२६ ऑक्टोबर २०२५

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात उभी राहिली. बीड जिल्ह्यातून रात्रीच्या एसटीनं वाकडेवाडीला उतरली आणि विचारत विचारत भोसरीला आली. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून पैसे पुरले, असं म्हणाली. हातात एक पिशवी, त्यात दोन साड्या आणि दहावीचं प्रमाणपत्र.

तिचं लग्न मे २०२२ मध्ये लावलं. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती, निकालसुद्धा लागला नव्हता. मुलगा २४ वर्षांचा. मुलाकडच्यांना कोयता पुरा करायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीवर. एकट्या पोराला अर्धीच मिळते. माझ्या मेहुण्यांवर कर्ज होतं, पोरगी वयात आलेली, हे दोघं ऊसतोडीला गेले की सहा महिने तिला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोर. तेही मला कळतं. पण पोरगी तीन दिवस जेवली नव्हती, "मला अकरावीला जायचंय" म्हणून रडत होती, तरी तिला हळद लावली. मला लग्न झाल्यावर चार दिवसांनी फोन आला.

तीन हंगाम तिनं कोल्हापूरकडं ऊस तोडला. दुसऱ्या हंगामात पोटातलं गेलं आणि तिसऱ्या दिवशी ती परत फडात मोळ्या बांधत होती. नवरा दारू पिऊन मारतो. यंदा ट्रॅक्टर भरायच्या आदल्या रात्री निघून आली. "मावशे, मला तिकडं धाडू नको, मी तुझी धुणीभांडी करीन," हेच पहिलं वाक्य. स्वतःच्या मावशीला धुणीभांडी करीन म्हणते, यावरून काय ते समजा.

आता अडचणी अशा. सासरच्यांनी ती हरवल्याची तक्रार दिली आहे. मेहुणे म्हणतात जातीचे पंच बसवू, ५० हजार दंड भरून काडीमोड घेऊ, पण त्याआधी पोरगी त्यांच्या स्वाधीन करायची. लग्नाआधी त्यांनी तिच्या आधार कार्डावर जन्मसाल २००३ करून घेतलंय. खरी जन्मतारीख १४ जानेवारी २००६. मला पक्की ठाऊक आहे कारण संक्रांतीच्या दिवशी मीच बहिणीला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले होते. लग्नाची कुठं नोंदणी नाही, पत्रिका नाही.

कुणीतरी सांगितलं की वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत कोर्टात गेलं तर लग्नच रद्द होतं. खरं आहे का? की घटस्फोटच घ्यावा लागेल? आणि माझ्या बहिणीला जेल होईल का? भाची रोज रात्री हेच विचारते. तिला आईला तुरुंगात घालायचं नाहीये.


सिंधफणा_काठ
२६ ऑक्टोबर २०२५

ताई, तुम्ही तिला ठेवून घेतलंत, निम्मं काम तिथंच झालं. मी त्याच भागातली. आमच्या वर्गात दहावीला २३ मुली होत्या, बारावीला ८ उरल्या.

माझं मत, कोर्टकचेरी वाढवू नका. दोन्हीकडून चार शहाणी माणसं बसवून संमतीनं घटस्फोट घ्या. लवकर सुटेल.


वकील_शिवाजीनगर
२६ ऑक्टोबर २०२५

सिंधफणा ताईंचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला या मुलीला महागात पडेल. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी अर्ज करण्याआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. ती बाहेर पडून महिनाही झालेला नाही. तेवढ्यात संक्रांत निघून जाईल आणि हातातला मोठा हक्क जाईल.

मावशी, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६, कलम ३. लग्नाच्या वेळी जी व्यक्ती अज्ञान, म्हणजे कायद्याने लहान, होती तिला ते लग्न रद्द करून मागता येतं. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे. मुलीच्या बाबतीत म्हणजे विसावा वाढदिवस. निकाल नंतर लागला तरी चालतो, अर्ज आधी पडायला हवा. जानेवारीची वाट बघू नका, मध्ये नाताळची सुट्टी आहे. नोव्हेंबरातच दाखल करा.

बीडला जायची गरज नाही. अर्ज करताना मुलगी जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तो करता येतो (कलम ८). म्हणजे पुण्याचं कौटुंबिक न्यायालय. लग्न रद्द करताना दोन्हीकडच्या वस्तू, दागिने, पैसे परत करायचा आदेश होतो. मुलीचं पुन्हा लग्न होईपर्यंत तिला पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते.

हिंदू विवाह कायद्यातही जबरदस्तीने संमती घेतली असेल तर लग्न रद्द करण्याची तरतूद आहे. पण तिथे जबरदस्ती संपल्यापासून एका वर्षाची मुदत आहे, आणि जबरदस्ती नक्की कधी संपली यावरच वाद होईल. तुमच्याकडे वयाचा पुरावा असताना त्या वाटेला जाऊ नका.

आईबद्दल. लग्न रद्द करण्याचा अर्ज दिवाणी स्वरूपाचा आहे, त्यासाठी कुणावर गुन्हा नोंदवावाच लागतो असं नाही. बालविवाह लावून देणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे हे खरं, पण आईवडिलांना शिक्षा सांगणाऱ्या कलम ११ मध्येच लिहिलंय की स्त्रीला कारावासाची शिक्षा होणार नाही. तरीही "फौजदारी काहीच होणार नाही" असं मी तुम्हाला सांगणार नाही. १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं आहे. शिवाय पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यात अशी माहिती पोलिसांना देण्याची सक्ती आहे. हा भाग इथे नको, वकिलासमोर बसून बोला. मुलीला आधी नीट समजावून सांगा, म्हणजे चौकशीत तिला धक्का बसणार नाही.

वकिलाचा खर्च नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन करायचा तर १५१००.


समुपदेशक_ताई
२७ ऑक्टोबर २०२५

मी पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात अनेक वर्षं काम केलंय. माझ्या दृष्टीनं या आठवड्यातलं पहिलं काम ती हरवल्याची तक्रार.

भाचीला घेऊन तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात स्वतःहून जा. "मी १९ वर्षांची आहे, स्वतःच्या मर्जीनं आले, सासरी किंवा माहेरी जायचं नाही, जिवाला धोका आहे," असा लेखी जबाब द्या आणि पोच घ्या. सज्ञान बाईला पोलीस कुणाच्या "ताब्यात" देत नाहीत. ती पिशवी नाही. कुणी ठाण्यात म्हणालंच की घरच्यांना बोलावतो, मग ठरवू, तर तिथूनच महिला हेल्पलाइनला, १८१ ला, फोन करा. दारात माणसं आली तर ११२.

तिच्यावर झालेल्या मारहाणीसाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. एक गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही लक्षात नसते. त्या कायद्याच्या नियमांत घटनेचा अहवाल भरायचा जो नमुना आहे, त्यात मानसिक छळाच्या यादीत "इच्छा नसताना लग्न करायला भाग पाडणं" असं स्पष्ट छापलेलं आहे. म्हणजे लग्न व्हायच्या आधीसुद्धा मुलगी स्वतःच्या वडिलांविरुद्ध संरक्षणाचा आदेश मागू शकते. हे वाचणाऱ्या एखादीचं लग्न पुढच्या आठवड्यात ठरलं असेल तर तिनं हे लक्षात ठेवावं. वय १८ पेक्षा कमी असेल तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करावा. न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाई करू शकतात आणि मनाई मोडून लावलेलं लग्न मुळातच अवैध ठरतं.

घरी धोका वाटला तर सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येतं. डॉक्टर, समुपदेशक, वकील, पोलीस एकाच छताखाली भेटतात. पुढं जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदन. या जागांबद्दल लोकांच्या मनात भीती असते. आधी एकदा तुम्ही दोघी जाऊन बघून या.

तिची वैद्यकीय तपासणी मात्र करून घ्या. गर्भ गेल्यावर तिसऱ्या दिवशी फडात उतरलेल्या बायकांची अंगदुखी आणि रक्तस्राव वर्षानुवर्षं तसाच चालू राहिलेला मी पाहिलाय.


निवृत्त_ग्रामसेवक
२७ ऑक्टोबर २०२५

मावशी, गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. २२ वर्षं मी नोकरी केली, त्यातली बरीच या जबाबदारीसह. चार लग्नं थांबवली. किती थांबवली नाहीत तो आकडा मी कधी मोजला नाही. रात्रीतून दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात उरकायची, सकाळी आम्हाला पेढे. कधी कळूनही गेलो नाही, कारण त्याच गावात दुसऱ्या दिवशी घरपट्टी मागायला जायचं होतं. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला उपयोगाचं तेवढं नीट सांगतो.

आधारची काळजी करू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. दहावीचं प्रमाणपत्र तिनं पिशवीत आणलं ते फार शहाणपणाचं. ते नुसतं लॅमिनेट करून ठेवू नका, त्याच्या झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका. त्याच्या जोडीला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला नाव घातलं तेव्हाच्या जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा काढा. जन्म आरोग्य केंद्रातला असेल तर जन्ममृत्यू नोंदवहीत नोंद सापडायला हवी, जन्माचा दाखला मागा. अंगणवाडीच्या रजिस्टरातही लसीकरणाच्या तारखा असतात.

लग्न झालं त्याचाही पुरावा लागेल, कारण सासरचे उद्या म्हणतील लग्न २०२४ ला झालं. मंडपवाल्याचं बिल, कुणाच्या मोबाइलमधला हळदीचा व्हिडिओ, तारखेसकट. पोरांच्या स्टेटसला ठेवलेले फोटो शोधा, तिच्या मैत्रिणींकडे नक्की असतील.

आणि पंचांचं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा आहे. पंचांनी दंड लावला, वाळीत टाकायची धमकी दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मेहुण्यांना हे फोनवर शांतपणे सांगा. तुमचे मेहुणेही पंचांना घाबरत असतील, त्यांनाही यात आधार आहे.


भोसरीची_मावशी
२८ ऑक्टोबर २०२५

सगळ्यांचे आभार. काल पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या साहेबांनी "नवऱ्याला बोलावून घेऊ, मिटवू" म्हटलं. समुपदेशक ताईंनी लिहिलेलं मी मोबाइलवर त्यांच्यासमोर धरलं. मग एका महिला हवालदार बाईंनी जबाब घेतला. तास लागला, भाचीनं न रडता सांगितलं. पोच घेतली.

एक विचारायचं राहिलं. सासरकडून "नांदायला ये" अशी वकिलाची नोटीस आलीय. गेलं नाही तर काय?


वकील_शिवाजीनगर
२८ ऑक्टोबर २०२५

नुसत्या नोटिशीनं कुणाला नांदायला जावं लागत नाही. उद्या न्यायालयानं नांदण्याचा हुकूम दिला तरी बाईला धरून सासरी पोहोचवता येत नाही. आणि तुमचा कलम ३ चा अर्ज आधी दाखल असेल तर नोटिशीला उत्तर त्यातच आहे. पाकीट जपून ठेवा, त्यावरची तारीख कामाला येईल.


भोसरीची_मावशी
१९ नोव्हेंबर २०२५

कळवायचं राहून गेलं. गेल्या शुक्रवारी अर्ज दाखल झाला. विधी सेवा प्राधिकरणानं दिलेल्या वकील बाई तरुण आहेत, भाचीशी थेट बोलतात, माझ्याशी नाही. ते मला फार आवडलं. पुढची तारीख डिसेंबरात आहे. पॉक्सोचं त्यांनी दोन बैठकांत समजावून सांगितलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

उताऱ्यासाठी मी स्वतः गावी गेले. गुरुजी आधी म्हणाले, वडिलांची सही आणा. मी म्हटलं मुलगी सज्ञान आहे, तिचा अर्ज तिच्या सहीनं आणलाय. मग त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. २०१२ चं पान. १४ जानेवारी २००६, अंकी आणि अक्षरी. शेजारी पालक म्हणून माझ्या बहिणीचा अंगठा. मेहुणे त्या दिवशी फडावर होते, म्हणून पोरीला शाळेत घालायला ती एकटी गेली होती.

बहीण मला एसटी स्टँडवर चोरून भेटली. काही बोलली नाही. पदराखालून एक पिशवी दिली, तीळ, गूळ आणि मोबाइलचं एक कार्ड. त्यात हळदीचा व्हिडिओ आहे, तारखेसकट.

मी तिला कलम ११ बद्दल सांगितलं. तिनं विचारलं, "आन् तिच्या बापाचं?" मला उत्तर देता आलं नाही.

भाचीला डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात. बारावीला बाहेरून बसायच्या सतरा नंबर फॉर्मची चौकशी करून आलो. फॉर्मवर नाव कुठलं लिहायचं असं तिनं खिडकीत विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच.