मदत हवी आहे: ओळख लपवलेल्या मुलाखतीत आवाजाचं काय करावं?

पुण्यात घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या महिलांच्या व्हिडिओ मुलाखतींवर काम चालू आहे. लेखी संमती आहे, गावं-नावं कापली आहेत. चित्राचं जमलंय: ब्लरच्या भरवशावर न राहता उजेड मागून ठेवला, त्यामुळे मूळ फुटेजमध्येच चेहरा येत नाही. हातांच्या क्लोजअपमध्ये गोंदण, अंगठ्या टाळल्या.

अडलंय आवाजावर. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, चार सेमीटोन (अर्धस्वर) खाली नेला, पण तेवढाच वर नेला की मूळ आवाज जवळपास परत मिळतो. शिवाय बोलण्याची ढब तशीच राहते, आणि घरचे लोक ढबीवरूनच ओळखतात. म्हणून डबिंग, म्हणजे तेच बोलणं दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात, करायचं ठरतंय. ऑनलाइन एआय टूल नको, रेकॉर्डिंग कुठल्याही सर्व्हरवर जाता कामा नये.

डबिंगमध्ये बाईंचे थांबे, अडखळणं टिकवायचं तर कलाकाराला मूळ रेकॉर्डिंग ऐकवावंच लागतं, की थांब्यांचे सेकंद लिहिलेली संहिता पुरते?