मदत हवी आहे : गवती चहाचा ठोंब आवाक्याबाहेर गेलाय, न मारता लहान कसा करू?

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्याजवळ राहतो. मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचा एक ठोंब आहे. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंनी गुहागरच्या त्यांच्या माहेराहून चार फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले होते, एसटीत मांडीवर घेऊन. लावलेही त्यांनीच. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यामुळे आधीच सांगते, "उपटून टाका आणि नर्सरीतून नवा आणा" हे उत्तर मला नकोय. हाच टिकवायचाय.

आज टेप लावून मोजला. बुडाशी साडेतीन फूट रुंद आहे आणि पाती माझ्या खांद्याच्या वर जातात. मोरीकडून तुळशीकडे जायची वाट निम्मी अडली आहे. पात्यांच्या कडा इतक्या धारदार की मुलीच्या पोटऱ्यांवर रोज नवे ओरखडे असतात. मधला भाग पार वाळून गेलाय. हात घातला की वाळक्या पानांचा नुसता भुसा हाताला लागतो, हिरवं काय ते कडेकडेने, बांगडीसारखं. शिवाय सगळा ठोंब जमिनीतून वर उचलल्यासारखा दिसतो, खालची मुळं उघडी पडली आहेत. काही पात्यांवर तांबूस ठिपके आहेत. पाती पूर्वीपेक्षा अरुंद झाली आहेत आणि वासही पहिल्यासारखा येत नाही. सासूबाई असताना दोन पाती टाकली तरी घरभर कळायचं, आता पाच टाकावी लागतात.

मार्चमध्ये एक बाजू विळ्याने कापून काढली होती. महिन्याभरात ती बाजू आधीपेक्षा दाट झाली.

मे संपत आलाय, वळीव एकदाच झालाय. आता खणू की पाऊस लागल्यावर? मधला वाळलेला भाग परत फुटतो का? फोडताना मुळं तुटणारच, मग किती तुटली तर चालतात? आणि पुदिन्याला अडवायला पत्रा किंवा तळ काढलेली बादली पुरतात, तसं इथे केलं तर पसरणं थांबेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं, मला याची खरंच धास्ती वाटते.

गॅलरीतली बाग, ठाणे

ताई, खणायच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. दर दोन महिन्यांनी सगळा ठोंब जमिनीपासून वीतभर ठेवून कापत जा. उंची आपोआप आटोक्यात राहते, वाट मोकळी होते, कोवळी पाती मिळतात. कापलेली पाती सावलीत वाळवून बरणीत भरली तर पुष्कळ दिवस टिकतात.

काळी माती, कऱ्हाड

ठाण्याच्या ताईंचं उंचीबद्दल बरोबर आहे, पण रुंदी कापून कमी होत नाही. वर कापलं की खालून जास्त फुटवे येतात, तुमच्या मार्चच्या कापणीत तेच झालं. आम्ही ऊसवाले. ऊस आणि गवती चहा दोन्ही गवताच्याच कुळातले, त्यामुळे खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटणाऱ्या उसाला, जे लागतं ते इथे बरंचसं लागू पडतं.

तुमचा ठोंब म्हातारा झालाय. प्रत्येक नवा फुटवा जुन्या फुटव्याच्या बुडाजवळून, पण जरा बाहेर आणि जरा वर येतो. म्हणून ठोंब बाहेर सरकत जातो, मध्ये पोकळ होतो आणि वर उचलला जातो. उघड्या मुळांना माती मिळत नाही, मग पाती बारीक पडतात. मधला वाळलेला भाग परत फुटणार नाही, त्याचा मोह सोडा. तुमच्या सासूबाईंचा ठोंब आज जिवंत आहे तो कडेच्या बांगडीत. ती जपली की सगळं जपलं.

आत्ता खणू नका. मेमधली काळी माती दगडासारखी असते, पहार मारली तर मुळांसकट ढेकूळ फुटेल, आणि वर ऊन असं की नवीन लावलेला फुटवा सुकून जाईल. पाऊस लागू दे. दोन-तीन चांगले पाऊस झाले आणि एक-दोन दिवस उघडीप मिळाली की जमीन वाफशावर येते. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. तो दिवस धरा.

आधी सगळा ठोंब वीतभर ठेवून कापा. फुल बाह्यांचा जुना शर्ट आणि हातमोजे घालाच. मग कडेपासून चार बोटं बाहेर चारी बाजूंनी पहार मारून ठोंब सैल करा. एवढा मोठा एका दमात उपटायला जाऊ नका. कोयत्याने किंवा धारदार फावड्याने केक कापावा तसे तुकडे पाडा आणि एकेक बाहेर काढा. बाहेरच्या हिरव्या भागातून दोन-दोन, तीन-तीन फुटव्यांचे जुडगे मुळांसकट सोडवा. मुळं चार-पाच बोटं राहिली तरी पुष्कळ झाली. लांब लोंबणारी तर कापूनच टाका, ती खड्ड्यात दुमडून बसण्यापेक्षा बरं. वाळकी पानं सोलून काढा. वर पाती जास्त ठेवलीत तर मुळं धरायच्या आत पानांतून पाणी उडून जातं, म्हणून वीतभरच ठेवायची.

जुन्या जागेवर एकच जुडगा परत लावायचा. मन घट्ट करून एकच. दोन ठेवलेत तर दोन वर्षांत पुन्हा हाच धागा काढाल. बाकीचे दीड-दोन फुटांवर दुसरीकडे, नाहीतर शेजारी वाटा.

पत्र्याची गरज नाही. पुदिना जमिनीखालून धावतो आणि हातभर लांब जाऊन उगवतो. गवती चहा धावत नाही, तो जागच्या जागी जाडा होतो. कडेचे नवे फुटवे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला खुरप्याने मुळासकट काढलेत आणि बुडाला मातीची भर दिलीत तर तीन-चार वर्षं फोडावा लागणार नाही.

आणखी एक, मोरीचं पाणी. बारा महिने ओल मिळते म्हणून तो एवढा माजलाय. पन्हळ जरा दुसरीकडे वळवा. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी दिलं तरी जगतो.

अंगण, सातारा

दादा, खूप आभार. म्हातारा झालाय हे वाचून आधी वाईट वाटलं, मग कडेच्या बांगडीचं वाचून धीर आला. तांबूस ठिपक्यांचं काय करू? औषध मारावं लागेल का? रोजच्या चहात जातं म्हणून विचारते.

काळी माती, कऱ्हाड

तो तांबेरा असणार. पान उलटं करून बोटाने पुसून बघा, तांबूस पूड लागली तर तोच. ज्याची पाती चहात घालायची त्यावर बुरशीनाशक मारू नये, मी तरी मारणार नाही. ठोंब दाट, आत हवा खेळत नाही, वर सतत ओल, म्हणून येतो. ठिपक्यांची पाती कापून लांब टाका, आच्छादनाला किंवा खतात घालू नका. पाणी बुडाशीच द्या, पानांवर नको.

गॅलरीतली बाग, ठाणे

दादांचं पटलं, माझं लिहिणं कुंडीपुरतं होतं. कुंडीतही शेवटी फोडावाच लागतो, हे मी लिहायला हवं होतं. माझ्या चौदा इंची कुंडीत दीड वर्षात मुळांचा गोळा होतो. खूण अशी की पाणी घातलं की मातीत न मुरता कडेने सरळ खाली येतं. तेव्हा गोळा बाहेर काढून दोन भाग करते आणि एकच परत लावते. ताई, एक जुडगा कुंडीत ठेवाच. अंगणातल्याला काही झालं तर हाताशी राहील.

दूरदेशी, न्यू जर्सी

आमच्याकडे उलटं, इथल्या हिमाने अंगणातला ठोंब मरतो. म्हणून दर वर्षी थंडी पडायच्या आत खणून, फोडून, वीतभर छाटून दोन कुंड्या घरात खिडकीशी ठेवते. सहा वर्षं एकच झाड असं फोडत फोडत चाललंय. धास्ती घेऊ नका, याला फोडणं सोसतं. आणि टाकायच्या फुटव्यांचे पांढरे बुडखे फेकू नका. ठेचून आमटीत किंवा नारळाच्या दुधातल्या भाजीत घाला, वाढताना काढून टाका.

अंगण, सातारा

जुलैचा दुसरा आठवडा. काय झालं ते सांगायलाच हवं.

जूनच्या शेवटी वाफसा मिळाला. मी आणि यजमान, सकाळी सात ते साडेदहा. खरा घाम पहार मारताना नाही, वाळकं सोलताना निघाला. मधला भाग दोन घमेली भरून निघाला, सगळा मेलेला. त्यात एक गोम निघाली, म्हणजे हातमोजे नसते तर कठीण होतं. कडेच्या बांगडीतून मात्र एकवीस जुडगे मिळाले! मी मोजत होते आणि हात थरथरत होते.

जुन्या जागेवर एकच लावला, वाटेपासून हातभर आत. एक कुंडीत. सहा शेजारी आणि नणंदेकडे गेले. गुहागरला फोन केला तर मामा म्हणाले, तिकडचा मूळ ठोंब विहिरीच्या बांधकामात केव्हाच गेला. त्यांना चार पाठवले, गोणपाटातच. बाकीचे कुंपणाच्या कडेने दोन-दोन फुटांवर.

बाराव्या दिवशी जुन्या जागेवरच्या जुडग्यातून दोन बोटं उंच हिरवी सुई वर आली. वाट मोकळी आहे, मुलगी अनवाणी पळते.

आता एकच विचारायचंय. कुंपणाकडच्या तीन जुडग्यांची पाती पिवळी पडली आहेत, नवीन फुटवा नाही. तिथे जमीन जरा सखल आहे. काढू की थांबू?

काळी माती, कऱ्हाड

थांबू नका, काढा. काळ्या रानात सखल जागी पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. उपटून बघा. बुडखा दाबल्यावर टणक असेल तर काळी पडलेली मुळं छाटून टाका आणि मातीचा वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. मऊ लागला तर तो गेला. सप्टेंबरच्या शेवटापर्यंत एकाही जुडग्याची पाती चहाला तोडू नका. तोपर्यंत शेजारणीकडून मागून घ्या, तुमच्याच घरची आहेत.