'चॅपी' : बालिश, निरागस की लेकरू?

प्रश्न : सोलापुरात आमच्या वाचनालयात कॉलेजच्या मुलांसाठी 'चॅपी' (२०१५) हा सिनेमा दाखवणार आहोत. परिचयपत्रकात मी लिहिलंय, 'बालिश यंत्रमानव आणि सामाजिक असमानता यांची गोष्ट'. 'बालिश' खटकतंय. 'असमानता'सुद्धा बरोबर वाटेना. काय लिहू?

उत्तर : ताई, 'बालिश' काढाच. तो शब्द आपण मोठ्या माणसाला लावतो आणि लावतो तेव्हा नावं ठेवत असतो. चॅपी मोठा असून पोरकटपणा करत नाही, तो खरोखरच नुकता जन्मलाय. जोहान्सबर्ग पोलिसांतला मोडीत काढलेला यंत्रशिपाई, त्यात डिऑन नावाचा इंजिनिअर विचार करू शकणारा प्रोग्रॅम घालतो. जागा झाल्यावर तो भिऊन आडोशाला दडतो, मग एकेक शब्द शिकतो. 'बालसुलभ' हे कुतूहलाला, हट्टाला शोभतं. अख्ख्या जिवाला लावलं की तुटक वाटतं. 'निरागस' चालेल.

पण मी 'लेकरू' घेईन. 'यंत्रमानव' पुल्लिंगी, तो. 'यंत्र' मात्र ते, आणि 'लेकरू'ही तेच! 'ते बंद पडलंय' हे कारखान्यातलं वाक्य आणि 'ते भ्यालंय' हे आईचं, दोन्हींचा कर्ता एकच 'ते'. रोबो बनवणाऱ्या कंपनीला त्यात यंत्र दिसतं, तो ज्या गुन्हेगार टोळीच्या हाती पडतो तिच्यातल्या योलँडीला मूल दिसतं. आपल्या व्याकरणात या दोन नजरा एकाच सर्वनामात मावतात. पत्रकात 'ते यंत्र' म्हणून सुरुवात करा आणि हळूच 'ते लेकरू' म्हणा, क्रियापदं बदलावीच लागणार नाहीत. मला तर हे फार सुंदर वाटतं.

दुसरं उत्तर : 'लेकरू'ला माझंही मत. असमानतेऐवजी 'विषमता' लिहा. दोन आकडे असमान असतात. विषमता म्हटलं की कुणीतरी कुणाला तरी खाली दाबलंय हे ऐकू येतं. फुले-आंबेडकरी चळवळीतल्या माणसांच्या तोंडी हाच शब्द आहे.

आणि कृपा करून 'गुन्हेगार रोबो' असं कुठंही लिहू नका. टोळीतला निंजा चॅपीला रस्त्यावरच्या पोरांत एकटं सोडतो. पोलिसांचा रोबो म्हणून ती पोरं त्याला दगड मारतात, पेटवतात. त्यानं काहीच केलेलं नसतं, अंगावरचा शिक्का तेवढा पोलिसांचा. शिक्का म्हणजे काय हे सोलापूरला सांगायला नको. इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, लेकरू जन्मायच्या आधीच. तो कायदा १९५२ साली गेला आणि त्या जमातींसाठी 'विमुक्त' हा शब्द आला. चॅपी पुढं दरोड्यात सामील होतो हे खरं, पण त्याला फसवून नेलेलं असतं. 'टोळीच्या हाती पडलेलं लेकरू' म्हणा.

प्रश्नकर्ती : दोन्ही घेते. मग रोबो लिहू की यंत्रमानव?

उत्तर : रोबो. मुलं तेच बोलतात. शिवाय 'यंत्रमानव' म्हटलं की तो माणूस आहे हे आधीच कबूल होतं, आणि सिनेमाभर भांडण नेमकं त्याच्यावरच चाललंय. 'रोबो'चं मूळही विषमतेतलंच आहे. कारेल चापेकच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या चेक नाटकातून 'रोबोट' जगभर गेला. 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी, आपली वेठ. पत्रकात जागा उरली तर हे एका ओळीत टाका.